मिठाच्या स्विमिंग पूलवर ‘मीठ कमी’चा दिवा लागतोय? नवं पोतं फोडायच्या आधी हे तपासा

लक्षणं आधी सांगतो. जुळली तरच पुढं वाचा.

- मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या मशीनच्या बॉक्सवर ‘मीठ कमी’चा दिवा लागतो. मीठ टाकलं की एक-दोन दिवस जातो, परत येतो.
- सकाळी क्लोरीन थोडाफार दिसतो, संध्याकाळी टेस्ट केली तर शून्य.
- शिडीच्या मागं आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात बुळबुळीत हिरवट थर धरतो. ब्रश मारला की जातो, चार दिवसांत पुन्हा तिथंच.
- पाणी नितळ न राहता दुधाळ दिसतं. पाणी जिथवर असतं तिथं टाइल्सवर पांढरी रेघ, नखानं खरवडली तरी निघत नाही.
- पाणी परत येतं त्या नोझलमधून किसलेल्या खोबऱ्यासारखे पांढरे पापुद्रे येतात.
- पीएच दर आठवड्याला आठच्या वर जातो.
- मशीन सुरू होतं आणि काही मिनिटांत ‘फ्लो नाही’ म्हणून बंद पडतं.

सोलापूरच्या होटगी रोड, अक्कलकोट रोड, तुळजापूर रोडच्या फार्महाऊसवरचे पूल क्लोरीनच्या गोळ्या-पावडरीवरून मिठावर गेले, की पहिला पावसाळा-हिवाळा सुखात जातो. फोन सुरू होतात मार्च संपता संपता. “अण्णा, दोन पोती मीठ ओतलं, तरी दिवा जाईना. मशीनच डुप्लिकेट दिसतंय.” मशीन डुप्लिकेट नसतं. आपल्याकडं हा दोष बहुतेक वेळा पाण्यात असतो, आणि पूलमधल्या पाण्यापेक्षाही रोज वरून सोडल्या जाणाऱ्या पाण्यात. तिथपर्यंत पोचायच्या आधी मात्र सोप्या आणि फुकटच्या गोष्टी उरकून घ्या, कारण काही पूल त्यातच सुधारतात.

मशीन नेमकं करतं काय

मिठाचा पूल म्हणजे बिनक्लोरीनचा पूल नव्हे. पाण्याच्या पाइपात बसवलेल्या नळीतल्या, म्हणजे सेलमधल्या, टायटॅनियमच्या प्लेटांतून डीसी करंट गेला, की खारट पाण्यातून क्लोरीन तयार होतो. तो जंतू आणि शेवाळ मारतो, आणि काम झालं की पुन्हा क्लोराईड होऊन पाण्यातच राहतो. म्हणून मीठ खर्च होत नाही. समुद्राच्या पाण्यात क्षार ३५,००० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागं तेवढे मिलिग्रॅम) आसपास असतात, आपल्या पूलमध्ये लागतात ३,००० च्या आगेमागे. दुसऱ्या बाजूच्या प्लेटवर हायड्रोजन सुटतो आणि प्लेटला लागून असलेल्या पाण्याचा पीएच खूप चढतो. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर तो नेमका तिथं जाऊन चिकटतो. सोलर हीटरच्या नळ्यांत आणि बाथरूमच्या शॉवरमध्ये जो पांढरा क्षार धरतो, तोच हा.

‘आता केमिकलची कटकट संपली’ असं सांगून सिस्टिम विकणारा अर्धंच सांगतो. क्लोरीन विकत आणायची कटकट संपते, एवढं खरं. ॲसिड लागतं, उन्हात क्लोरीन टिकवणारा स्टॅबिलायझर लागतो, आणि टेस्ट किट तर आधीपेक्षा जास्त वापरावं लागतं.

पुढं जिथं हिशोब आहे तिथं ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटरचा पूल धरलाय. तुमचा वेगळा असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

आधी डोळ्यांनी बघा

स्किमरच्या, म्हणजे पूलच्या कडेला वरचं पाणी ओढून घेणाऱ्या खिडकीच्या, तोंडाच्या निम्म्यापर्यंत पाणी आहे का? उन्हाळ्यात पातळी रोज उतरते. पाणी स्किमरच्या खाली गेलं की पंप हवा ओढतो, सेलमध्ये बुडबुडे जमतात आणि फ्लो स्विच मशीन बंद करतो. स्विच त्याचं काम बरोबर करत असतो. बंद पाइपात वाहतं पाणी नसताना सेल चालला तर हायड्रोजन साठतो, आणि ते धोक्याचं आहे. म्हणून ‘फ्लो नाही’ येतं म्हणून स्विचच्या वायरी एकत्र पिळून टाकायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला पंपाच्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका.

स्किमरची आणि पंपाची जाळी काढून झटका. कडुनिंबाचा मोहोर आणि बारीक पानं यांनी ती आठवड्यात गच्च होते. फिल्टरचा प्रेशर गेज स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा वर चढला असेल तर बॅकवॉश घ्या, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुवून काढा. पंपाच्या काचेच्या झाकणाखाली बुडबुडे फिरताना दिसले तर झाकणाची ओ-रिंग साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा.

मग टायमर. जुन्या पद्धतीचा, चकती फिरणारा टायमर लाईट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढं फिरतो. लाईट रोज तासभर गेली तर आठवड्यात तो सात तास मागं पडतो. मालकाला वाटतं पंप सकाळी सातला सुरू होतोय, आणि तो चालतो दुपारी दोनपासून रात्री उशिरापर्यंत. दुपारपर्यंतच्या उन्हात पूलला क्लोरीन मिळतच नाही. घड्याळ लावून एकदा टायमर जुळवा, आणि जमलं तर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल बसवून घ्या.

पंप चालायला किती हवा? एप्रिल-मेमध्ये उघड्यावरचा पूल दिवसाला ३ ते ४ पीपीएम क्लोरीन खातो. ४०,००० लिटरला हे झालं १२० ते १६० ग्रॅम. तुमचा सेल तासाला २० ग्रॅमचा असेल तर शंभर टक्क्यांवर आठ तास चालला तरच पुरतो. तासाला १० ग्रॅमचा असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्यात तेवढ्या तासांत तो पुरणार नाही, कितीही मीठ टाका. थंड हवेच्या गावच्या हिशोबानं विकलेला सेल इथं कमी पडतो. घेताना पूलच्या लिटरपेक्षा दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्यावा, असं माझं मत आहे.

मीठ खरंच कमी आहे का, हे मशीनला विचारू नका

सगळ्यात जास्त पैसे आणि मीठ इथं वाया जातं. मशीन मीठ मोजत नाही. प्लेटांमधून किती करंट वाहतोय ते बघतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज बांधतं. प्लेटांवर क्षाराचा थर बसला की करंट कमी होतो, आणि मशीन म्हणतं, मीठ कमी. पाणी गार असलं तरी करंट कमी वाहतो. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत पहाटे दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. सेल म्हातारा झाला तरीही मशीन तेच म्हणतं.

म्हणून मिठाच्या टेस्ट स्ट्रिपनं किंवा साध्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरनं वेगळं मोजा. पाणी कोपरभर खोलीवरून घ्या, नोझलच्या समोरून नको. टीडीएस मीटर मीठ आणि बाकीचे क्षार वेगळे ओळखत नाही. तुमच्या बोअरचा टीडीएस मुळातच हजार-दीड हजार असेल तर मीटरचा आकडा तेवढा फुगलेला असणार. स्ट्रिप क्लोराईड मोजते, त्यामुळं ती जास्त भरवशाची.

बहुतेक मशीनना २,७०० ते ३,४०० पीपीएम चालतं. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तकात असतो, तोच धरा. आता हिशोब. ४०,००० लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे ४० ग्रॅम. पाणी २,६०० वर आहे आणि ३,२०० हवंय, तर ६०० गुणिले ४० ग्रॅम, म्हणजे २४ किलो. अर्धं पोतं. पन्नास किलोचं अख्खं पोतं आकडा १,२५० नं वाढवतं. पाणी आधीच ३,२०० वर असताना दिव्याकडं बघून दोन पोती ओतली तर ५,७०० होतात, मग मशीन ‘मीठ जास्त’ म्हणून पूर्णच बंद होतं. आणि मीठ खाली आणायला पाणी उपसून टाकण्याशिवाय मार्ग नाही.

मीठ कुठलं टाकायचं? रिफाइंड, ९९ टक्क्यांच्या वरचं, आयोडीन नसलेलं. आडत दुकानातलं जाडं खडेमीठ स्वस्त पडतं, पण त्यात माती, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. जे आपल्याला नको तेच आपण पैसे देऊन आत टाकतो. पावडरीसारखं सुळसुळीत राहावं म्हणून ज्यात औषध घातलंय ते मीठही टाळा, त्यानं डाग पडतात. टाकताना सेल बंद, पंप चालू, आणि ब्रशनं ढवळत राहा. विरघळून एकसारखं व्हायला एक दिवस द्या, मगच पुन्हा मोजा.

आता स्ट्रिपनंही मीठ खरोखर कमी दाखवलं, तर कारण शोधा. ऊन मीठ उडवत नाही. पाण्याची वाफ होते, मीठ मागं राहतं. मीठ जातं ते बॅकवॉशमधून, पावसात पूल भरून वाहिला तर, आणि गळतीतून. सप्टेंबरात आपल्याकडं पाऊस जोरात असतो, तेव्हा मीठ उतरणं रास्त आहे. पण एप्रिलात बॅकवॉश जेमतेम घेतलेला असताना मीठ उतरत असेल तर पूल गळतोय. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, जमीन आकसते आणि तिच्यासोबत पुरलेले पाइप ओढले जातात.

गळतीची तपासणी बादलीनं होते. बादलीत पूलचंच पाणी भरून ती पायरीवर अशी ठेवा की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येईल. दोन्हीकडं पेन्सिलीची खूण करा. ऑटोफिल (आपोआप पाणी भरणारा नळ) बंद ठेवा, चोवीस तास कुणाला पोहू देऊ नका. दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या तर ती वाफ. पूलची खूण जास्त उतरली तर गळती. हे पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा करा. चालू असतानाच फरक पडत असेल तर गळती परतीच्या पाइपात शोधावी.

क्लोरीन तयार होत नाही, की तयार होऊन उडून जातो?

रात्रीची टेस्ट हे सांगते. सूर्य मावळल्यावर सेल बंद करून क्लोरीन मोजा. पहाटे ऊन यायच्या आधी पुन्हा मोजा. रात्रीत ऊन नसतं, माणसं नसतात, तरीही आकडा एकनं किंवा त्याहून जास्त पडला तर पाण्यात शेवाळ जिवंत आहे, डोळ्यांना दिसो वा ना दिसो. मग मशीनच्या भरवशावर न राहता बाहेरून लिक्विड क्लोरीन घालून पाणी एकदा साफ करून घ्यावं लागतं. मिठाचं मशीन साफ पाणी साफ ठेवतं. हिरवं पाणी साफ करणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

रात्री क्लोरीन टिकला आणि दिवसा उडाला, तर प्रश्न उन्हाचा आहे, म्हणजे स्टॅबिलायझरचा. सायन्युरिक ॲसिड पाण्यात नसेल तर आपल्या उन्हात दोन तासांत जवळपास सगळा क्लोरीन जातो. मिठाच्या पूलला ते ६० ते ८० पीपीएम लागतं. इथं तुम्ही मिठावर यायच्या आधी काय वापरत होता ते महत्त्वाचं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरत असाल तर स्टॅबिलायझर शून्य असणार, आणि त्या पावडरीतला कॅल्शियम मात्र पाण्यात साठलेला असणार. ९० टक्केवाल्या गोळ्या वापरत असाल तर उलटं. त्या गोळ्यांतून दर १० पीपीएम क्लोरीनमागं ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात उतरतं आणि तिथंच राहतं. काही वर्षं गोळ्यांवर चाललेल्या पूलमध्ये ते शंभराच्या कितीतरी वर जातं, मग क्लोरीन असूनही सुस्त पडतो. जुनं पाणी तसंच ठेवून मशीन बसवलं की हा वारसा मशीनच्या माथी बसतो.

कमी असेल तर: ४०,००० लिटरला ५० पीपीएम वाढवायला २ किलो. जुन्या सुती मोज्यात भरून नोझलसमोर टांगा, विरघळायला काही दिवस लागतात. जास्त असेल तर पाणी बदलणं हाच उपाय.

एक चकवा लक्षात ठेवा. क्लोरीन खूप जास्त, म्हणजे दहाच्या वर असेल तर काही किटमधला गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि नळी पांढरी दिसते. लोक शून्य समजून आणखी वाढवतात. शंका आली तर निम्मं पूलचं आणि निम्मं आरओचं पाणी घेऊन टेस्ट करा.

पीएच

मिठाच्या पूलचा पीएच वर जाणारच, तो दोष नाही. सेलमधल्या बुडबुड्यांसोबत पाण्यातला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि पीएच चढतो. ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. आठच्या वर क्लोरीनची ताकद घटते आणि क्षार बसायचा वेग वाढतो, म्हणजे दोन्हीकडून मार. ८ वरून ७.५ वर आणायला ४०,००० लिटरला ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण अर्धा लिटर लागतं, अल्कलिनिटी (ॲसिड पचवायची पाण्याची ताकद) जास्त असेल तर आणखी. पंप चालू ठेवून खोल बाजूला हळूहळू सोडा. पीएच दोन दिवसांत परत चढत असेल तर अल्कलिनिटी मोजा. मिठाच्या पूलला ती ६० ते ८० पुरे. बोअरच्या पाण्यात ती याच्या कितीतरी पट असते.

ॲसिडचा कॅन पंपाच्या खोलीत ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ सुटते आणि बॉक्समधली टर्मिनलं हिरवी पडतात. आणि ॲसिड व क्लोरीनची कुठलीही पावडर एका कपाटात तर बिलकूल नको. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो.

खरी गोम: रोजचं पाणी

इथं जरा थांबा, कारण वर्षानुवर्षं तेच तेच होण्याचं कारण हे आहे.

पूलचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडालं धरलं तरी अडीचशे लिटर होतात. तेवढं आपण बोअरमधून भरतो. बोअरची हार्डनेस (पाण्याचा जडपणा, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) ६०० पीपीएम असेल तर त्या अडीचशे लिटरसोबत रोज १५० ग्रॅम कॅल्शियमचा क्षार आत जातो. पाणी उडतं, क्षार राहतो. महिन्याला साडेचार किलो. तीन महिन्यांत पूलची हार्डनेस साडेतीनशेच्या घरात वाढते, आणि ती सुरू झालेली असते आधीच चारशे-पाचशेवरून. मिठाच्या पूलला २०० ते ४०० हवी. वर पाणी तापलेलं, पीएच चढलेला. या दोन्हींनी क्षार पाण्यातून सुटून बाहेर बसतो, आणि सगळ्यात आधी बसतो सेलच्या प्लेटांवर.

पूल मिठावर नव्हता तेव्हाही हाच क्षार साठत होता. फक्त त्याला चिकटायला प्लेटा नव्हत्या, म्हणून तो टाइल्सवर बसायचा आणि माळी घासून काढायचा.

म्हणून बोअरच्या पाण्याची हार्डनेस आणि पूलची हार्डनेस दोन्ही मोजा, ड्रॉप टेस्टचा किट मिळतो. पूलची ५०० च्या वर गेली असेल तर निम्मं पाणी बदलण्याला पर्याय नाही, आणि बदलताना परत बोअरचंच भरलं तर पैसे मातीत. काय भरायचं?

पावसाचं. गच्चीवरचं पहिलं धुवण सोडून दिलं की पुढचं पाणी जवळपास बिनक्षाराचं असतं. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गच्चीची पन्हाळ फिल्टर लावून पूलमध्ये किंवा साठवण टाकीत सोडा. मी सगळ्यात आधी हेच सुचवतो. उजनी धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरंच हलकं, पण शहरात ते काही दिवसांआड येतं, आणि शेजाऱ्याचे ड्रम रिकामे असताना पूलमध्ये नळ सोडणं शोभत नाही. टँकर घेणार असाल तर तो कुठून भरतो ते विचारा, नाहीतर दुसऱ्याच्या बोअरचंच पाणी पैसे देऊन घ्याल.

बोअरच एकमेव असेल तर भरायच्या लाइनवर छोटा सॉफ्टनर बसवा. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, आणि मिठाच्या पूलला सोडियमचं काही वाकडं नाही. रोज अडीचशे लिटरला घरगुती आकाराचा पुरतो. पाइपावर चिकटवायचे चुंबकवाले डबे मी कुणाला घ्यायला सांगत नाही. आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी ‘फुकट जातंय’ म्हणून पूलमध्ये वळवलेलंही पाहिलंय. बोअरचा गाळून उरलेला क्षारच तो.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे रात्री आणि वापर नसताना पूल झाकणं. पाणी उडालं नाही तर भरावंही लागत नाही.

उपसलेलं पाणी बागेत सोडू नका. ३,००० पीपीएमचं मीठ काळ्या रानात मुरलं की जमीन चोपण होते, पाणी वर तुंबतं आणि झाडं पिवळी पडतात. आमच्याकडं पूल आणि डाळिंब एकाच बांधाला असतात, त्यामुळं बॅकवॉशचा पाइप कुठं जातो हे मी पहिल्याच भेटीत बघतो.

शहाबादी फरशीचंही सांगून ठेवतो. आपल्याकडं पूलच्या कडेला ती सर्रास असते. तो चुनखडीचा दगड आहे. खारट पाणी त्यात मुरतं, वाळतं, आत मिठाचे स्फटिक फुगतात आणि फरशीचे पापुद्रे निघतात. मिठावर जाण्याआधी तिला सीलर मारा, आणि रोज संध्याकाळी कड साध्या पाण्यानं धुवून काढा. शिडी साध्या ३०४ स्टीलची असेल तर वेल्डिंगच्या जागी गंज दिसायला लागेल. ३१६ ची घ्या.

सेल उघडून बघणं

वरचं सगळं झाल्यावरच. मेन स्विच बंद करा, फक्त मशीनचं बटन बंद करून भागत नाही. पंप बंद, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, मग युनियन (पाइपाचे फिरवून सुटणारे जोड) सोडवून सेल काढा आणि उजेडाकडं धरून आरपार बघा. प्लेटांमधल्या फटी स्वच्छ दिसल्या तर धुवू नका. दर वेळी ॲसिड लागलं की प्लेटांवरचं रुथेनियम-इरिडियमचं पातळ कोटिंग थोडं झिजतं. सेलमध्ये महाग वस्तू तीच आहे.

पांढरा थर दिसला तर आधी नळाच्या धारेनं निघतो का बघा. नाही निघाला तर प्लॅस्टिकच्या बादलीत दहा भाग पाणी, त्यात एक भाग ॲसिड. आधी पाणी, मग ॲसिड, उलटं कधीच नाही. उघड्यावर, वारा येतो त्या दिशेला पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालून. सेलचं एक तोंड झाकणानं बंद करून उभा धरा, मिश्रण आत ओता, वायरच्या टोकाला थेंबही लागू देऊ नका. फेस येईल. फेस थांबला की काम झालं, साधारण दहा मिनिटं. रात्रभर बुडवून ठेवायची गरज नाही. स्क्रूड्रायव्हर, हॅक्सॉची पाती, तारेचा ब्रश प्लेटांना लावायचा नाही. कोटिंग खरवडलं की सेल गेला.

धुतल्यावर दिवा गेला, तर मीठ कमी कधीच नव्हतं. पण महिन्याभरात थर परत आला तर परत धुवत बसू नका, वरचा पाण्याचा भाग पुन्हा वाचा. मशीनमध्ये करंटची दिशा उलटवून थर झाडायची सोय असते, पण एवढ्या क्षारापुढं ती कमी पडते.

सेल स्वच्छ, मीठ बरोबर, पाणी कोमट, तरी ‘मीठ कमी’? मग वायरचा प्लग काढून पिना बघा. काळ्या किंवा हिरव्या पडल्या असतील तर करंट तिथंच अडतो. त्याही ठीक असल्या तर सेलचं वय मोजा. चांगला सेल साधारण ८ ते १० हजार तास चालतो. रोज दहा तास चालवला तर तीन वर्षांच्या आत तो थकतो. तो बदलायचाच असतो, त्याला दुरुस्ती नाही.

इथं हात थांबवा

पाण्यात हात घातल्यावर किंवा शिडी धरल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर लगेच सगळ्यांना बाहेर काढा, मेन बंद करा आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी जास्त वाहून नेतं. आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होत असेल तरीही तेच. तो ट्रिप होतो म्हणून काढून टाकणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पूलच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि व्यवस्थित अर्थिंग नसेल तर मशीन चालूच करू नये, हे माझ्याकडून शेवटचं आणि न बदलणारं मत.

बॉक्स उघडू नका. लाईट बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. जळका वास, वितळलेला प्लग, सेलच्या पारदर्शक नळीला तडा, युनियनमधून बॉक्सच्या दिशेला ठिबकणारं पाणी, यातलं काहीही दिसलं तर कंपनीच्या माणसाचं काम. बादलीच्या टेस्टमध्ये गळती निघाली तर प्रेशर टेस्ट करणाऱ्याला बोलवा, अंदाजानं फरशी फोडत सुटू नका. चुकून पावडर आणि ॲसिड एकत्र आलं, किंवा डोळे चुरचुरले आणि खोकला लागला, तर पंपाच्या खोलीतून आधी बाहेर पडा. कॅन उचलायला आत जाऊ नका. त्रास थांबत नसेल तर डॉक्टर गाठा.

फोन करताना हे आकडे जवळ ठेवा: पूल किती लिटरचा, स्ट्रिपवर मीठ किती, मशीन किती दाखवतं, पीएच, स्टॅबिलायझर, पूलची आणि बोअरची हार्डनेस, संध्याकाळचा आणि पहाटेचा क्लोरीन, सेल कधी बसवला. सेल उजेडाकडं धरून काढलेला फोटो असेल तर तोही पाठवा. एवढं असलं तर निम्म्या वेळा मला यावंच लागत नाही.